चौथ्या चौकटीतला आकडा

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मॉनिटर गेला, छापखान्याची पानं अडकली आणि तू झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्यांच्या कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावतेस, हे वाचून बरं वाटलं नाही. घर तुझ्या त्या पानांवर चालतंय हे मला ठाऊक आहे. फोन करणार होतो, पण फोन पाण्याच्या पिंपात पडला. पडला म्हणजे मी वाकून आत बघत होतो, आत बेडूक होता. बेडूक निघाला, फोन नाही निघाला.

तर ऐक. मी सध्या ज्याच्याकडे काम करतो तो बंद पडलेल्या कंपन्यांचं सामान उचलून आणतो आणि विकतो. आवारात खुर्च्यांचा नुसता डोंगर आहे. मी रोज वेगळ्या खुर्चीवर बसून जेवतो. परवा एका साहेबाच्या खुर्चीवर बसलो तर ती आपोआप खाली जायला लागली. साहेबही असाच गेला असणार. हां, मॉनिटर. एक मोठा चपटा मॉनिटर आलाय. तुझी दोन पानं शेजारीशेजारी मावतील एवढा रुंद. मालक जवळजवळ फुकटात द्यायला तयार आहे, आणि तिथेच माझं घोडं अडलंय. हा माणूस फुकटात आपली शिळी भाकरीसुद्धा द्यायचा नाही.

खोडी अशा. एक, पाय लंगडा आहे, खाली पुठ्ठा घातला की भागतं. दोन, चालू-बंदचं बटण तुटलंय आणि तिथे कुणीतरी चक्क कोटाचं बटण चिकटवलंय, चार भोकांचं! मी इतका हसलो की मालकाने मला गोदामाबाहेर काढलं. तीन, पडद्यावर काहीतरी उमटून बसलंय. पुसलं जात नाही. नळ्या, नळ्यांखाली चौकटी. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातला असेल. लॉटमध्ये आला, कुठून ते मालकाला आठवत नाही.

घेऊ का? दाजींना विचार ना. त्यांनी इतकी वर्षं पडद्यासमोर बसून पगार घेतलाय, त्यांना डोळे मिटून सांगता येईल.

तुझा
भिरभिऱ्या

१६ फेब्रुवारी

प्रिय भिरभिऱ्यास,

पत्र पोचलं. जेवत जा वेळेवर, मग ते कुठल्या का खुर्चीवर असेना.

घेण्याआधी मला काही गोष्टी कळायला हव्यात. बटण कुठल्या रंगाचं आहे? नुसतं चिकटवलंय, की भोकांतून तार ओवून मागे पीळ दिलाय? नळ्या किती आहेत? प्रत्येक नळीखाली चौकट आहे का, आणि चौकटीत काही वाचता येतं का? चौथीतलं नीट बघ.

अंधूक खुणांचा माझ्या कामाला त्रास होईल म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

तुझ्या दाजींना विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस. नवा फोन घेतलास तरी इकडे फोन करू नकोस, ते समोरच बसलेले असतात. पत्रच लिही. आणि माझं उत्तर येईपर्यंत मॉनिटर बाजूला ठेव.

ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

तू मॉनिटर घेतेयस की मुलगी बघतेयस? बटणाचा रंग कशाला हवा गं तुला! असो. तपकिरी. कडेला एक टवका उडालाय. आणि हो, तार ओवलीय, बारीक तांब्याची, मागे पीळ देऊन कापलीय. ज्याने केलं त्याने मन लावून केलं. मी आता हसत नाही त्याला. दाबलं की छान आत जातं.

आता खुणा. आमच्याकडे एक जण आहे, सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. त्याला यातलं कळतं. तो म्हणाला, पांढऱ्यावर बघून काही समजत नाही, काळ्यावरही नाही, पडदा राखाडी कर. केला. अरे बापरे. सगळं चित्रच वर आलं. पाण्याच्या तळाशी पडलेली वस्तू दिसते तसं. सहा नळ्या, सहा चौकटी. चष्मेवाला म्हणतो, एकच चित्र फार काळ लावून ठेवलं की काचेला त्याची सवय लागते. मग चित्र काढलं तरी काच ते सोडत नाही.

पाच चौकटींत काही वाचता येत नाही. आकडे सारखे बदलत राहिले असणार, त्यामुळे आकड्यावर आकडा बसून सगळ्यांचे नुसते आठ झालेत, तेही लेकराने पाटीवर बोट फिरवल्यासारखे फरपटलेले. पण चौथीत स्वच्छ वाचता येतं, २.४. जणू आत्ता कुणी लिहून गेलंय.

आणि म्हणूनच सांगतो, हा घेऊ नकोस. तू दिवसभर पानं लावणार, आणि प्रत्येक पानाखालून तो २.४ तुझ्याकडे बघत बसणार. डोक्यात जाईल. मी तुझ्यासाठी दुसरा शोधलाय, जरा लहान आहे पण काच निर्मळ. तो माझ्या नावाने ठेवून दिलाय. हा लंगडा तोडायच्या ढिगात टाकला.

मी चार-आठ दिवस इथे नसेन. एक ट्रकवाला समुद्राकडे चाललाय, त्याला सोबत हवी आहे. समुद्र बघून किती दिवस झाले. येताना तुझा चांगला मॉनिटर कुणाच्या तरी गाडीत घालून पाठवतो. काम झालं समज.

भिरभिऱ्या

२ मार्च

भिरभिऱ्या,

हे पत्र मिळताच, असशील तिथून, परत जा. तो मॉनिटर तोडू देऊ नकोस.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तू तेव्हा कुठल्या गावात होतास तेही मला माहीत नव्हतं, आणि नंतर सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे राहिलं नाही, मीच सांगितलं नाही. दाजींचं कोल्ड स्टोरेज बंद पडलं म्हणून त्यांची नोकरी गेली, असं तुला वाटतं. उलटं आहे. आधी नोकरी गेली, कंपनी नंतर बंद पडली.

तुझे दाजी वरच्या खोलीत पडद्यासमोर बसायचे. खालच्या खोलीत गारवा करणाऱ्या गॅसच्या सहा नळ्या. कुठल्या नळीत किती दाब आहे ते पडद्यावर दिसायचं. खाली कुणाला काम करायचं असलं की तो आधी वर फोन करून विचारायचा, दाब ठीक आहे का. हे ठीक आहे म्हणाले की मगच पाना लावायचा. अशी पद्धत होती. त्या दिवशी खाली नळ्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी फोन केला, चौथीचा सांधा आवळायचा होता. हे म्हणाले, "दोन पॉइंट चार. जा." खरा दाब त्याच्या कितीतरी वर गेलेला होता. सांधा फुटला. मिस्त्री वर आलेच नाहीत.

चौकशीत यांनी एकच सांगितलं, पडद्यावर दोन पॉइंट चारच होतं, आकडा अडकला होता. पण तोवर सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू केलेली. चौकशीवाल्यांनी बघितलं तर आकडा नीट हलत होता. त्यांनी लिहून टाकलं की कामावरच्या माणसाने पडद्याकडे न बघता उत्तर दिलं. मिस्त्रींची बायको आमच्या समोरच्याच जिन्यावर राहते. आम्ही रोज एकमेकींकडून भाजी-मीठ मागायचो. तेव्हापासून मी मागच्या गल्लीने जाते.

ते तपकिरी बटण माझ्या शिवणाच्या डब्यातलं आहे. कंपनीने नवं दिलं नाही म्हणून यांनी मागून नेलं होतं. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा मोठ्या कौतुकाने दाबून दाखवलं होतं, "बघ, तुझा कोट घातलाय त्याने."

आता तुझे दाजी कुठल्याच दिव्यावर विश्वास ठेवत नाहीत. इस्त्रीचा दिवा विझला तरी तळवा लावून बघतात. दोनदा भाजलं. शेगडी मी बंद केली तरी येऊन हात लावतात. मी काही बोलत नाही. खरं सांगू? मीही त्यांना एकदासुद्धा म्हटलं नाही की तुम्ही बघितलं होतंत. कारण मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही ते कळतं. या घरात आम्ही दोघं बोलतो ते गॅस, दूध आणि पाऊस-पाण्याचं.

यांच्या कंपनीचं सामान ट्रक भरभरून गेलं, कुठे गेलं ते कुणी विचारलं नाही. ते तुझ्याच आवारात येऊन पडावं! पहिल्या पत्रात बटणाचं वाचलं तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं.

लवकर जा रे. या एका बाबतीत तरी वाटेत कुठे थांबू नकोस.

ताई

१५ मार्च

ताई,

तुझं पत्र माझ्याआधी पोचलं होतं आणि गोदामाच्या खिडकीत पडून होतं. मी समुद्रावर होतो. समुद्राचं काही लिहीत नाही.

वाचून ढिगाकडे पळालो. ढीग नव्हता. जागा झाडून घेतलेली. मालकाला म्हटलं, लंगडा मॉनिटर कुठाय? तो म्हणाला, "तूच टाकलास ना? आता का उमाळा आलाय?" मी तिथेच बसलो, जमिनीवरच. ताई, माझ्या हातून आजवर खूप वस्तू हरवल्या, त्यातल्या बऱ्याच लोकांच्या होत्या, पण असं कधी झालं नव्हतं.

चष्मेवाल्याने वाचवला. त्याने तोडायच्या आधी तो उचलून फाटकावरच्या खोलीत लावला होता, आवाराच्या कॅमेऱ्यासाठी. चोर दिसला म्हणजे झालं, म्हणाला, तिथे निर्मळ काच कुणाला हवीय. मी गेलो तर पडद्यावर फाटक, कुत्रं, खुर्च्या, आणि त्या सगळ्यांच्या अंगावरून गेलेल्या सहा नळ्या.

मी मागितला. तो म्हणाला, मग फाटकाला काय लावू? शेवटी तुझ्यासाठी ठेवलेला चांगला मॉनिटर त्याला दिला आणि हा घेतला. म्हणजे चांगला देऊन वाईट घेतला. मालक सगळ्यांना सांगत सुटलाय की याचं डोकं फिरलंय. त्यामुळे तुझ्या कामाला आता हाच. मला माफ कर, दुसरा आणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

पुढचं लिहू की नको, यात दोन दिवस गेले. चष्मेवाल्याला मी सगळं नाही सांगितलं, एवढंच विचारलं, आकडा असा बसायला किती वेळ लागतो? मला वाटलं म्हणेल एक दिवस. तो हसला. म्हणाला, एका दिवसात काय, आठवड्यातही नाही. कितीतरी महिने तोच आकडा तिथे उभा राहिला असेल, तेव्हा काच अशी धरते.

ताई, म्हणजे दाजी खरं बोलत होते. आकडा अडकलेलाच होता. पण त्या दिवशी नाही अडकला. कधीचाच अडकून बसला होता. बाकीचे पाच हलत होते आणि हा हलत नव्हता, आणि दाजी रोज समोर बसत होते.

आता तूच सांग, हा घेण्यासारखा आहे का. तू नको म्हणालीस तर मी स्वतः फोडतो आणि कुणाला काही बोलत नाही. आण म्हणालीस तर आणतो. यावेळी मी इथून हललेलो नाही. तुझ्या पत्राची वाट बघत खुर्च्यांच्या डोंगरापाशी बसलोय. खुर्ची एकच, रोज तीच.

भिरभिऱ्या

२२ मार्च

भिरभिऱ्या,

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यामागे ठेवलं होतं. मनात आलं, अर्धंच वाचून दाखवावं. आकडा अडकला होता एवढंच. माणसाला तेवढं पुरलं असतं.

पण सकाळी मी चहा ठेवला, उतरवला, शेगडी बंद केली, आणि हे उठून आले, हात लावला. मी म्हटलं, "बसा. एक पत्र वाचायचंय." आणि तुझी तिन्ही पत्रं वाचली. बटणापासून. माझी पत्रं काही माझ्यापाशी नव्हती, ती तोंडी सांगितली.

बटणाचं ऐकून ते खाली बघत राहिले. चौथ्या चौकटीचं ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. पाठीवरचं ओझं कुणी उचलावं तसा. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण वाचत गेले.

म्हणाले, "महिने?"

"तो माणूस तसं म्हणतो."

"दाब नेहमी तेवढाच असायचा गं. दोन पॉइंट चार, दोन पॉइंट पाच, परत चार. तो चारवर दिसला की बरंच वाटायचं. सगळ्यांत गुणी नळी ती. मी तिला गुणी म्हणायचो."

 मग म्हणाले, "मिस्त्री त्याआधीही खाली गेलाय. दोनदा-तीनदा तरी. मीच जा म्हटलंय."

मी म्हटलं, "तुम्ही एकटेच होतात का? तीन पाळ्या होत्या, साहेब होते. तो पडदा नाही आणला तर कुणाला कळणार आहे? आणला तर लोक म्हणतील, न बघता बोलला ते बरं, हा तर महिनोन्महिने बघत होता आणि आंधळा होता."

"खरंच आहे ते," म्हणाले. "ते तरी खरं आहे. इतके दिवस माझ्या नावावर आहे ते खोटं आहे."

 थोड्या वेळाने त्यांनी आपणहून विचारलं, "बटण अजून आहे म्हणतो ना तो?"

आण बाबा. पाठवू नकोस, स्वतः आण. ट्रकमध्ये मांडीवर घेऊन बस.

ताई

११ एप्रिल

भिरभिऱ्या,

आलास, मॉनिटर टेबलावर ठेवलास, पुठ्ठ्याची घडी पायाखाली घातलीस, आणि समोरच्या मिस्त्रीवहिनींना बोलवायचं म्हटल्यावर पिशवी उचलून चालता झालास. तुझे दाजी म्हणाले, त्याला ते बघवलं नसतं. मी म्हटलं, मला तरी कुठे बघवणार आहे. पण कुणीतरी बसायला हवं होतं. तुझ्यामागे काय झालं ते कळायचा तुझा हक्क आहे.

मी समोरचा जिना चढले. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, कंपनीतला पडदा मिळालाय. तुम्ही बघावा असं यांना वाटतं."  मला वाटलं दार लावतील. पण पदराला हात पुसत म्हणाल्या, "गॅस बंद करून येते."

आल्या, बसल्या नाहीत. हातांची घडी घालून उभ्या. यांनी बटण दाबलं. मी पडदा राखाडी केला. सगळं वर आलं.

यांनी बोट लावून दाखवलं. "या पाच बघा. आकडे हलायचे, म्हणून वाचता येत नाहीत. ही चौथी. हिचा हलत नव्हता. बरेच महिने हलत नव्हता. मी रोज बघत होतो आणि माझ्या ध्यानात आलं नाही."

वहिनी पुढे झाल्या. अगदी काचेला नाक लागेल इतक्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही बघितलं होतंत?"

"बघितलं."

"फोन आल्यावर? मान वर करून?"

"खुर्ची पुढे ओढून बघितलं. आणि मग सांगितलं."

वहिनी तेव्हा बसल्या. म्हणाल्या, "मला लोकांनी सांगितलं, तुम्ही पेपर वाचत होतात. फोन कानाला लावून, न बघताच जा म्हणालात. मी रोज तेच बघते. तुम्ही पेपर वाचताय आणि आमचे हे खालून विचारतायत. तुम्ही पान उलटताय."

  तुला सांगते, एवढी वर्षं मीसुद्धा जवळजवळ तेच चित्र बघत होते.

राग गेला असं समजू नकोस. त्या म्हणाल्या, "महिने म्हणजे फार झाले हो. एखाद्या दिवशी तरी दिसायला हवं होतं." हे म्हणाले, "हो." मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून वहिनींचा आवाज आला. त्या विचारत होत्या, "शेवटचं काय बोलले ते?"

माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मिस्त्रींचं शेवटचं बोलणं ऐकलेला माणूस तिच्या दारासमोर राहत होता, आणि ती त्याला विचारू शकत नव्हती.

हे म्हणाले, "मी जा म्हटलं. तो म्हणाला, दहा मिनिटांत वर येतो, तुमच्या खोलीत चहा सांगून ठेवा. खाली बोटं गारठलीत. तुमची खोली त्या पडद्याने ऊबदार राहते, आम्हांला मेलं काय आहे. हसला. मग फोन ठेवला."

"हसले?"

"हसला. नेहमीसारखा. खोकला येईपर्यंत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिले. त्या म्हणाल्या, "ठेवा ना, का उभ्या?" आणि कप हातात घेतला. प्याल्या नाहीत, पण निवेपर्यंत दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागच्या गल्लीत चिखल असतो. इकडूनच येत जा."

त्या गेल्यावर यांनी बटण दाबून पडदा बंद केला. दिवा विझला. मी बघत होते. हात लावलाच त्यांनी, काचेवर, तळवा पूर्ण टेकवून. पण नेहमीसारखा झटकन काढला नाही. तसाच ठेवला.

"बंद आहे ना?" मी विचारलं.

"बंद आहे. जरा वेळ ऊब राहते."

मी जवळ गेले आणि त्यांच्या हाताशेजारी माझाही हात ठेवला. खरंच राहते.

छापखान्याची पानं काल लावून दिली. पांढऱ्या पानावर चौथी चौकट दिसत नाही. कडेच्या राखाडी पट्टीत मात्र तिचा कोपरा दिसतो. तू विचारलं होतंस, घेण्यासारखा आहे का. कामाला बेताचाच आहे. तुझे दाजी खाली दोन ओळी लिहायच्या म्हणतायत, त्यांना पेन देते.

ताई

चिरंजीव भिरभिऱ्यास आशीर्वाद. पायाखालचा पुठ्ठा काढून मी लाकडी ठोकळा बसवला आहे, आता हलत नाही. बटणाची तार सैल झाली होती, ती आवळली. पुढच्या वेळी आलास की थांब. एवढ्या लांबून मांडीवर आणलास, आणि चहासुद्धा न घेता गेलास.

दाजी